त्या सहा ओळी कुणाच्या?

पत्र थोडक्यात:

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका सीएंच्या ऑफिसात 19 वर्षं अकाउंटंट असलेल्या, 46 वर्षांच्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. टॅली, जीएसटीचे रिटर्न आणि नोटिसांची उत्तरं हे त्यांचं काम. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसात 23 वर्षांचा एक बी.कॉम. झालेला मुलगा लागला. तो चॅटजीपीटीवर पटापट ड्राफ्ट काढतो आणि सर सगळ्यांदेखत त्याचं कौतुक करतात. ताईंनी कुणाला न सांगता घरी मोबाईलवर तेच करून पाहिलं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला 2023-24 या वर्षासाठी छाननीची नोटीस आली होती. थ्री-बी (आपण भरायचं जीएसटी रिटर्न) मध्ये घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर येणारी यादी) पेक्षा 1,84,320 रुपयांनी जास्त दिसतं, खुलासा करा, असा एएसएमटी-10. ताईंनी नोटिशीचा पीडीएफ जोडला, सहा ओळींत हकीकत टाइप केली आणि अर्ध्या मिनिटात चार पानी इंग्रजी उत्तर हातात आलं. सर म्हणाले, "झकास लिहिलंय." मशीनचं नाव ताईंनी काढलं नाही. "ज्याला मला तीन तास लागतात ते अर्ध्या मिनिटात होतं. मग मी 19 वर्षं काय केलं? आणि आता चोरी केल्यासारखं वाटतंय," असं त्या लिहितात. नोकरी राहील का, 35,000 रुपयांचा एआयचा कोर्स लावू का आणि सरांना खरं सांगू का, हे त्यांचे तीन प्रश्न. उत्तर अजून पोर्टलवर गेलेलं नाही, मुदतीला दोन आठवडे आहेत.

ताई,

तो चार पानी मसुदा आणि मशीनला लिहिलेल्या सहा ओळी, दोन्ही पत्रासोबत जोडल्यात हे बरं केलंत. नोकरीचं नंतर बघू. आधी त्या सहा ओळी.

तुम्ही लिहिलंय, फरकातले 97,200 रुपये मार्च 2023 च्या बिलांचे. माल फाउंड्रीत एप्रिलमध्ये उतरला, म्हणून क्रेडिट एप्रिलच्या थ्री-बी ला घेतलं. 54,000 रुपये आधीच्या वर्षी परत केलेले, कारण पुरवठादाराला 180 दिवसांत पैसे गेले नव्हते. पैसे दिल्यावर नियमाप्रमाणे ते पुन्हा घेतले. राहिले 33,120. त्या बिलाबद्दल तुमची ओळ एवढीच आहे: "पार्टीने बिल दाखवलेलंच नाही, फोन उचलत नाही."

आता जरा आठवा, ही माहिती तुमच्याकडे आली कुठून? तेरा महिन्यांचे टू-बी काढून खरेदीच्या रजिस्टरशी तुम्ही ताळा घातलात. फाउंड्रीच्या स्टोअरकीपरला फोन करून गेटच्या इनवर्ड रजिस्टरचे फोटो मागवलेत, कारण मार्चअखेरचे ट्रक एप्रिलात पोचतात हे तुम्हाला ठाऊक होतं. 54,000 चा आकडा बघून मागच्या वर्षीचं रिव्हर्सल तुम्हाला आठवलं. या कामाला अडीच तास गेले असतील. उरला अर्धा तास पत्र लिहिण्याचा. मशीनने वाचवला तो हा अर्धा तास. तुम्ही मात्र तिची अर्धी मिनिटं आपल्या तीन तासांशेजारी ठेवलीत आणि रडत बसलात. तोच नोटिशीचा पीडीएफ त्या सहा ओळींशिवाय देऊन बघा. उत्तर तेवढंच लांबलचक आणि तेवढंच ऐटबाज येईल, पण त्यात स्टोअरकीपर नसेल, ट्रक नसेल. पीठ तुम्ही दळलंत, तिने त्यावर रेघोट्या ओढल्या.

आता त्या रेघोट्यांकडेही नीट बघू, कारण सर "झकास" म्हणाले असले तरी हा मसुदा आहे तसा पोर्टलवर गेला तर फाउंड्रीचं नुकसान आहे.

पहिली गोष्ट. मसुद्यात सगळ्या 1,84,320 चा बचाव केलाय. "विक्रेत्याच्या चुकीची शिक्षा खरेदीदाराला नको" अशा थाटात पाऊण पान खर्ची घातलंय आणि त्याला जीएसटीच्या सर्क्युलर 183 चा आधार दिलाय. ते सर्क्युलर खरं आहे, 27 डिसेंबर 2022 ही तारीखही बरोबर आहे. पण ते 2017-18 आणि 2018-19 या वर्षांतल्या फरकासाठी काढलेलं आहे. पुरवठादाराचं किंवा सीएचं प्रमाणपत्र जोडून क्रेडिट टिकवायची ती वाट पुढे आणखी एका सर्क्युलरने लांबवली, तीही 2021 अखेरपर्यंतच. 1 जानेवारी 2022 पासून जीएसटी कायद्याचं कलम 16(2)(एए) लागू झालं. पुरवठादाराने बिल दाखवलं आणि ते टू-बी ला आलं तरच क्रेडिट. तुमची नोटीस 2023-24 ची. अशा ड्राफ्टमध्ये खोटा नंबर असला तर तो शोधल्यावर सापडत नाही आणि चूक उघडी पडते. खरा नंबर चुकीच्या जागी बसवलेला असला की तो ओळखायला वर्ष आणि कलम दोन्ही डोक्यात असावी लागतात. मशीनला "टू-बी, थ्री-बी, फरक, सर्क्युलर" हे शब्द एकत्र येतात एवढंच दिसतं. ती पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त ते बघून मजकूर रचते. हे सर्क्युलर कुठल्या वर्षापर्यंत चालतं, हा प्रश्न आपण विचारला नाही तर तिला सहसा पडत नाही.

दुसरी गोष्ट, त्यातले हायकोर्टाचे दोन निकाल. ते उघडून पाहिले नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. हायकोर्टाच्या संकेतस्थळावर ते सापडेपर्यंत आणि त्यातला नेमका परिच्छेद स्वतः वाचेपर्यंत दोन्ही ओळी काढून ठेवा. बंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाला डिसेंबर 2024 मधला आपला एक आदेश काही दिवसांतच मागे घ्यावा लागला होता, कारण त्यात आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायाधिकरणाची ही गत, तर आपल्या ऑफिसचं काय घेऊन बसलात!

मग करायचं काय? 19 वर्षं नोटिसा हाताळलेला माणूस जे करतो तेच. 33,120 सोडून द्या. त्या बिलाची दुरुस्ती करायची शेवटची तारीख 30 नोव्हेंबर 2024 होती, ती गेली. डीआरसी-03 ने (आपण होऊन कर भरायचा फॉर्म) रक्कम भरा. क्रेडिट वापरलं गेलं असेल तर वर्षाला 18 टक्के व्याज, म्हणजे 33,120 वर महिन्याला साधारण 497 रुपये. वापरून दोन वर्षं झाली असतील तर व्याज 11,923 च्या आसपास जाईल. फसवणुकीचा आरोप नाही आणि कारणे दाखवा नोटीस निघायच्या आधी व्याजासकट भरलं, तर दंड लागत नाही. उरलेल्या 1,51,200 ना मग पुरावे जोडा. 97,200 साठी मार्च 2023 चा टू-बी, बिलाप्रमाणे एलआर (ट्रकवाल्याची पावती), इनवर्ड रजिस्टरची पानं, आणि मुख्य म्हणजे हे क्रेडिट मार्चच्या थ्री-बी ला घेतलेलं नाही हे दाखवणारा ताळा. तो नसेल तर अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न "दोनदा घेतलं काय?" हाच असणार. 54,000 साठी रिव्हर्सल केलेल्या महिन्याचा थ्री-बी, पुरवठादाराला पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट आणि पुन्हा घेतलेल्या महिन्याच्या थ्री-बी मधला टेबल 4(डी)(1). पत्र दीड पानाचं पुरे. आपण होऊन चूक मान्य केलेलं, आकड्याला आकडा जुळलेलं दीड पान वाचून अधिकारी एएसएमटी-12 (खुलासा मान्य असल्याचा आदेश) काढायची शक्यता जास्त. चार पानं तत्त्वज्ञान वाचायला त्यांच्याकडेही वेळ नसतो.

"33,120 सोडून द्या" हे मशीन आपण होऊन क्वचितच सांगते, कारण तिला सांगितलेलं असतं "उत्तर लिही". कशाचं उत्तर द्यायचं आणि काय भरून मोकळं व्हायचं, हे आधी ऑफिसात ठरवावं लागतं. पुढच्या वेळी तिला तसंच विचारून बघा: "या तीन रकमांपैकी कुठली टिकणार नाही, का, आणि कुठल्या तारखेपासूनच्या कायद्याने?" ड्राफ्ट त्यानंतर मागा. उत्तर पुष्कळ सुधारतं. तरी प्रत्येक कलम सीबीआयसीच्या (जीएसटी बघणारं केंद्रीय मंडळ) संकेतस्थळावर पडताळायचं ते पडताळायचंच.

आता चोरीचं. मागच्या वर्षीचं उत्तर उघडून 'सेव्ह ॲज' करून नव्या पार्टीचं नाव टाकणं ऑफिसात रोज चालतं, त्याला कुणी चोरी म्हणत नाही. ड्राफ्ट मशीनकडून घेण्यातही मला पाप दिसत नाही. पण तुमच्या पत्रात दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. मला मसुदा पाठवताना तुम्ही फाउंड्रीचं नाव, जीएसटी नंबर आणि पुरवठादारांची नावं काळ्या पेनने खोडलीत, फोटोत एक अक्षर दिसत नाही. चॅटजीपीटीला मात्र नोटीस अख्खी दिलीत. तीही स्वतःच्या मोबाईलवर, फुकटच्या खात्यातून.

जीएसटी नंबर ही 15 अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, आपले 27. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे पॅन. प्रोप्रायटर असेल तर तो त्या माणसाचा स्वतःचा पॅन. म्हणजे नंबर दिला की पॅन दिला, आणि सोबत वर्षाची खरेदी, पुरवठादार, कुणाचे पैसे थकवले होते तेही. तुमचे सर सीए आहेत. पार्टीच्या संमतीशिवाय तिची माहिती बाहेर देणं सीए कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. ते उद्या चिकटलं तर तुम्हाला नाही, त्यांना चिकटेल. केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जानेवारी 2025 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या संगणकांवर अशी साधनं वापरू नका म्हणून कळवलं, त्याचं कारण हेच, माहितीची गोपनीयता.

घाबरून जायचं कारण नाही, पण आजच चार गोष्टी करा. ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा कंट्रोल्स' उघडा आणि 'इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन' हे बटण बंद करा, म्हणजे यापुढचा तुमचा मजकूर मॉडेल शिकवायला वापरला जाणार नाही. ती नोटीस असलेलं संभाषण पुसा. पुसल्याने गेलेलं परत येत नाही, पण खात्यात पडून तरी राहत नाही. यापुढे पीडीएफ कधीच जोडू नका, लागतो तेवढाच मजकूर टाइप करा. आणि एक्सेलमध्ये दोन शीट करा. एकीत खरी नावं आणि त्यांच्यासमोर 'पार्टी 1', 'पुरवठादार 1', 'पुरवठादार 2'. ही शीट ऑफिसच्या संगणकातून बाहेर जाणार नाही. दुसरीत कंट्रोल-एच ने नावं बदललेला मजकूर. गाडीचे नंबर, ई-वे बिलाचे नंबर, बँक खाती आणि बिलांचे नंबरही त्यातून काढा. ड्राफ्ट आला की ऑफिसात बसून उलटं बदला. पाच मिनिटांचं काम आहे. तो मुलगा ते करत नसणार, हे पैजेवर सांगता येईल.

त्या मुलाबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. सगळं इथे घेत नाही. त्याच्यावर राग धरू नका, तोही घाबरलेलाच असेल. त्याचं सगळं काम मशीनच्या जोरावर चाललंय आणि मशीन चुकली तर कुठे चुकली हे त्याला कळत नाही, ही काही सुखाची जागा नाही. गूळ-अडत्यांच्या पार्ट्या तुमच्याकडे आहेत असं दिसतं. त्याला सांगा, "गुळावर जीएसटी किती?" असं मशीनला विचार. ती 5 टक्के म्हणेल किंवा शून्य म्हणेल, दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. 18 जुलै 2022 पासून सुट्या गुळाला कर नाही आणि आधीच पॅक करून लेबल लावलेल्या गुळाला 5 टक्के आहे. त्यामुळे खरा प्रश्न टक्क्यांचा नाहीच. मार्केट यार्डातून गुळाचे रवे (ढेपा) तसेच गेले की त्यांचे वजनाचे पुडे करून वर छाप मारला, हा प्रश्न आहे, आणि तो अडत्याला विचारायचा असतो. त्याने मशीनला अचूक प्रश्न विचारायला तुमच्याकडून शिकावं. तुम्ही त्याच्याकडून एक्सेलची पॉवर क्वेरी शिका. वर्षाचे बारा टू-बी एका फोल्डरमध्ये ठेवून एका क्लिकवर एकाखाली एक जोडता येतात. तुमच्या अडीच तासांतला तासभर तिथे वाचेल, चॅटजीपीटीत नाही.

बेरजा आणि ताळे मशीनच्या चॅटमध्ये करायचेच नाहीत. हजारभर ओळी तिथे चिकटवल्या की मधल्या काही गळू शकतात, आणि एकूण बेरीज तरीही आत्मविश्वासाने येते. एक्सेलमध्ये निदान चूक दिसते. बिल नंबर '0045/23-24' आणि '45' वेगळे धरले जातात. '1-24' ची जानेवारी 2024 होऊन बसते. क्रेडिट नोटेचं उणे चिन्ह पडतं. या तीन जागा आधी साफ केल्या की बहुतेक 'जुळत नाही' आपोआप जुळतात.

सरांना सांगायचं का? हो, आणि याच आठवड्यात. फक्त "सर, मी मशीन वापरलं" अशी कबुली देऊ नका. त्याने तुम्ही लहान होता आणि सरांना काही मिळत नाही. दोन कागद घेऊन जा. एकावर तो चार पानी मसुदा, चुका लाल पेनने दाखवलेल्या: सर्क्युलर 183 चुकीच्या वर्षाचं, दोन निकाल न पाहिलेले, 33,120 चा न टिकणारा बचाव. दुसऱ्यावर तुमचं दीड पान. मग सांगा, "सर, हे मी घरी चॅटजीपीटीवर काढलं होतं, तेव्हा बोलले नाही. नोटिशीचा पीडीएफही पूर्ण टाकला, ते चुकलं. आता पुसलाय. पुढे नावं झाकूनच टाकायची, असं सगळ्यांसाठी ठरवूया का?" ते रागावतील अशी भीती तुम्हाला वाटते. थोडे रागावतीलही, आणि पीडीएफच्या बाबतीत तो राग रास्त आहे. पण न सांगता ठेवलं आणि दुसरा कुणी हीच चूक करून पकडला गेला, तर तुम्हाला तोंड उघडता येणार नाही. शिवाय गप्प राहण्याचा एक तोटा तुमच्या लक्षात आलेला नाही. "झकास" हा शेरा सरांनी तुमच्या कामाला दिला असं तुम्हाला वाटत नाही, मशीनला दिला असं वाटतं. झाकून ठेवलंत तर पुढचं प्रत्येक कौतुक असंच कडू लागणार.

त्याच भेटीत एक कोरी वही मागा. मशीनवरून आलेल्या प्रत्येक मसुद्याची त्यात एक ओळ: तारीख, पार्टी, काय मागितलं, काय चुकलं, कुणी तपासलं. तीन महिन्यांनी त्या वहीत 'कुणी तपासलं' या रकान्यात कुणाचं नाव जास्त आहे ते सरांना दिसेल, आणि पगारवाढीचं बोलायचं तेव्हा तुम्हालाही. तुमचं ज्ञान आजवर डोक्यात होतं, फोनवर होतं, कागदावर कधी आलंच नाही. म्हणून तर ते अर्ध्या मिनिटापुढे दिसेनासं झालं. ऑफिससाठी पैसे भरून खातं घ्यायचं ठरलं तर व्यावसायिक योजनेच्या अटी नीट वाचा. माहिती प्रशिक्षणाला वापरणार नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

नोकरी राहील का, याला "काही होत नाही हो" असं म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हाही सगळे घाबरले होते आणि पुढे ऑफिसांत कामं वाढलीच, असा दाखला लोक देतात. तो इथे लागू पडत नाही. तेव्हा सरकारने काम वाढवलं होतं, आता साधन काम कमी करतंय. व्हाउचर एंट्री, बँक स्टेटमेंट टॅलीत चढवणं, बिलं बघून टाइप करणं, हे काम आटणार आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागू झालं तेव्हाच ते आटायला लागलं, चॅटजीपीटीचा त्यात संबंध नाही. म्हणून एक आठवडा डायरीत दर अर्ध्या तासाला एक अक्षर लिहा. टायपिंगला 'ट', ताळ्याला 'त', पार्टीशी बोलण्याला 'ब', नोटीस-कायदा वाचण्याला 'न'. आठवड्यात निम्म्याहून जास्त 'ट' निघाले तर काळजी खरी आहे, आणि सहा महिन्यांत ते काम दुसऱ्याकडे देऊन 'त', 'ब', 'न' वाढवायचे आहेत. 'ट' थोडेच असतील तर झोपा निवांत. तुमच्या पत्रावरून 'ट' थोडेच असावेत असं दिसतं, पण मोजल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका.

35,000 चा कोर्स लावू नका. लावायचाच असेल तर आधी एक प्रश्न विचारा: "माझ्या ऑफिसातल्या, नावं झाकलेल्या तीन फायलींवर काम करून दाखवाल का?" बहुतेक ठिकाणी तुम्हाला एआयचा इतिहास, चित्रं काढणं आणि प्रमाणपत्र मिळेल. त्यापेक्षा रोज अर्धा तास, सहा आठवडे. पहिले दोन आठवडे पॉवर क्वेरी, यूट्यूबवर फुकट आहे. नंतर दोन आठवडे निकाली निघालेल्या जुन्या नोटिसा घ्या, नावं झाका, मशीनकडून उत्तर काढा आणि तुमच्या जुन्या उत्तराशी ताडून बघा. शेवटचे दोन आठवडे फक्त तिच्या चुका पकडायच्या. सापडायला वेळ लागणार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी गेले, तरी ती अजून जुने दर सांगू शकते. 1 एप्रिल 2026 पासून लागू असलेल्या 2025 च्या आयकर अधिनियमात 80सी ची वजावट कलम 123 मध्ये गेली, ती जुनंच कलम लिहू शकते. उरलेल्या 35,000 मधून घरी एक बरा मॉनिटर घ्या, मोबाईलवर टू-बी वाचून डोळे जातात.

हे सदर वाचणाऱ्यांत ताईंसारखे बरेच असणार. उद्यमनगरातल्या मशीन शॉपमधला तपासणीस रिपोर्ट मशीनकडून लिहून घेऊ शकतो, पण व्हर्नियर लावून घेतलेलं माप त्याचंच लागतं. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची सातबारा-फेरफारांची भाषांतरं कोल्हापुरातल्या वकिलांच्या ऑफिसांत येऊन पडायला लागली. तिथल्या टायपिस्टांनी 'पोटखराबा' (लागवडीला न येणारी जमीन), 'वहिवाट', 'इतर हक्क' अशा शंभर-दीडशे शब्दांची स्वतःची यादी करून प्रत्येक वेळी मशीनला आधी तीच द्यावी. नाहीतर पोटखराब्याचं पोट बिघडलेलं इंग्रजी थेट न्यायमूर्तींसमोर जाईल. आणि पार्टीला मराठीत व्हॉट्सॲप पाठवायचा असेल तर कुणीच मशीनकडून लिहून घेऊ नये. "आपणास सूचित करण्यात येते की प्रलंबित दस्तऐवज सादर करावेत" हे वाचून शिरोलीतला फाउंड्रीवाला आणखी आठ दिवस बिलं पाठवणार नाही. "दादा, 8 तारीख झाली, मार्चची बिलं अजून यायची हाईत" म्हटलं की संध्याकाळी पोरगा पिशवी घेऊन दारात.

आता त्या फोन न उचलणाऱ्या पुरवठादाराचं. दुरुस्तीची तारीख गेली असली तरी 33,120 आणि व्याज फाउंड्रीने मुकाट सोसायचं कारण नाही. त्याचं पुढचं काही बिल द्यायचं शिल्लक आहे का ते लेजरला बघा. असेल तर मालकांना सांगून लेखी कळवून तेवढी रक्कम अडवून ठेवायला लावा, मग तोच फोन करेल. उत्तराची 30 दिवसांची मुदत नोटीस मिळाल्यापासून धरायची असते, त्यामुळे पोर्टलवरची तारीख आज पुन्हा बघा. इनवर्ड रजिस्टरची पानं तोवर हाती येणार नसतील तर मुदतवाढीचा अर्ज चार दिवस आधीच करा, शेवटच्या संध्याकाळी पोर्टल चालेल या भरवशावर बसू नका.